आधी मोठीचे

न्यायाधीशबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती बसली, उठली, पुन्हा बसली. सलूनमधून तशीच आली होती. बाहीला कुणाचे तरी कापलेले केस चिकटले होते, ते वेचत राहिली. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून हातांना चैन म्हणून नव्हती. आज मुलाच्या खर्चाचं ठरणार होतं. शाळेची फी थकली होती आणि घरमालक हल्ली तोंड वाकडं करून बोलायचा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. समोर भिंतीला टेकून उभा होता. पहिल्या बायकोपासून त्याला एक मुलगी, आणि त्याचं म्हणणं एवढंच की मोठीला दर महिन्याला पैसे जातात, मग धाकट्याला कुठून आणू?

म्हणे जातात! तिच्या डोक्यात तिडीक गेली. गडी खोटं बोलत नव्हता, हेच तर दुखणं. इतकी वर्षं पगार तिच्या हातावर ठेवून तो मोकळा व्हायचा आणि मोठीचे पैसे ती पाठवायची. त्याच्या लेखी ते आपले जात, नळाला पाणी येतं तसे. ती घर सोडून निघाली तेव्हा तिला वाटलं, आता हा पाठवेल. त्याने विचारसुद्धा केला नाही.

काल त्याच्या पहिल्या बायकोचा फोन आला. त्याला नव्हे, हिला. सवती म्हणून भांडायला दोघींना कधी फुरसतच मिळाली नव्हती. पैसे पोचले का, पोरीचा ताप उतरला का, यातच वर्षं गेली.

"दोन महिने काही आलं नाही," पहिली चाचरत म्हणाली. "तू बरी आहेस ना?"

हे तिच्याकडून ऐकून तिच्या वकीलबाईंची कळी खुलली. तो तिकडे देत नाही एवढंच सांगा, म्हणाल्या, मग सगळं तुमच्या मुलाला मागता येईल.

आत गेल्यावर नवऱ्याने ठेवणीतलं काढलं. "मॅडम, लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की ती जागची हलत नाही. मग शेवटी चढला त्याने उतरायचं असतं."

शेवटी चढलेला म्हणजे तिचा सहा वर्षांचा मुलगा. तिला संताप आला. वकीलबाईंचं वाक्य जिभेवर तयारच होतं; तेवढं बोलली की फी, भाडं, सगळं सुटत होतं. पण मग मोठीला ढकलून उतरवणारी तीच ठरली असती.

"मोठीचे पैसे मी पाठवत होते," ती म्हणाली. "मी निघाले, तसे बंद झाले. आता दोघांचे याच्या पगारातूनच कापायला सांगा. आधी मोठीचे."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. अशाने तुमच्या मुलाला कमी मिळेल, असं न्यायाधीशबाईंनी बजावलं. ते तिला कळत होतं, आणि भीतीही वाटत होती.

"ती मुलगी तुमची कोण?"

"माझ्या मुलाची ताई."

बाहेर आल्यावर नवरा पुटपुटला, "मला वाटलं, तू पाठवतेयस."

"कुणाच्या पगारातून?" तिने विचारलं.

जिन्यातूनच तिने पहिलीला फोन लावला. आता पैसे परस्पर येतील, माझ्याकडे विचारायचं काम नाही, म्हणाली.

"म्हणजे आता तू फोन नाही करणार?" पहिलीने विचारलं.

"करीन की," ती म्हणाली. "पहिला बहुतेक उसने मागायलाच."