तार होती तिथे

मॅडमनी सर्किटचा बोर्ड उलटा केला आणि भिंग लावून एकेक सांधा तपासला. कॉलेज नुकतंच सुटलं होतं. टेबलावर चौथ्या गटातल्या तिघांचा अर्ज होता: डावरीला आमच्या गटातून काढा. डावरी म्हणजे डाव्या हातानं सोल्डरिंग करणारी, गटातली चौथी, अबोल मुलगी. टाकी भरली की बझर वाजायला हवा होता, पण तीन आठवडे झाले तरी तो काही तोंड उघडेना, आणि तिघं दोष तिच्या माथी मारून मोकळे झाले होते. आकृतीप्रमाणेच केलंय, एवढंच ती म्हणाली होती. गटाबाहेर पडली की तिचा विषय राहिलाच म्हणायचा, कारण आता तिला घेणार कोण?

सांधे दृष्ट लागावी असे होते. मॅडमनी आकृती जवळ ओढली. ती तिघांतल्याच गटप्रमुखानं काढलेली, आणि तिच्यातच एक तार ट्रान्झिस्टरच्या भलत्या पायाला जोडलेली.

एकमेकांच्या चुका एकमेकांनीच शोधा, असं मॅडम वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगायच्या आणि वर्ग सुटला की स्वतःच त्या निस्तरत बसायच्या. आजही त्यांनी तार हलवली, बझर वाजवून पाहिला आणि समाधानानं घरी गेल्या.

सकाळी टाकी म्हणून ठेवलेल्या बादलीत पाणी चढलं आणि बझर खणखणीत वाजला. गटप्रमुखाला मोठेपणा सुचला.

"सुधारलंस ना शेवटी? मग राहा गटात."

डावरीनं बोर्ड उलटा करून बराच वेळ पाहिला.

"मी काहीच सुधारलं नाही. ही तार कोणीतरी हलवलीय."

मॅडमचा चेहरा उतरला. मदत करायच्या नादात, या पोरीनं आकृतीप्रमाणेच केलं होतं याचा पुरावाच आपण पुसला, हे आता त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

"मी हलवली," त्या म्हणाल्या. "काल, तुम्ही गेल्यावर."

काय चुकलं होतं, असं गटप्रमुखानं विचारलं. मॅडम सांगणार, तोच डावरी म्हणाली,

"सांगू नका, मॅडम. होती तिथे परत लावून द्या. आम्ही शोधतो."

चालतं सर्किट मॅडमनी वीस वर्षांत कधी बिघडवलं नव्हतं. त्यांनी तार सोडवली आणि पुन्हा चुकीच्या जागी लावली. बझर गप्प झाला.

डावरीनं आकृती पसरली आणि तिघांना जागा होईल एवढी बाजूला सरकली. गटप्रमुख एकेका तारेवर बोट ठेवून बोर्डाशी ताडून पाहू लागला. सगळं जुळत होतं. मग त्यानं पुस्तक उघडलं. सातव्या तारेशी त्याचं बोट थांबलं. मॅडम हात मागे बांधून उभ्या होत्या. बाकीचे दोघं त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"हे मीच चुकीचं काढलंय," तो म्हणाला.

डावरीनं सोल्डरिंग गन त्याच्यापुढे सरकवली.

"मला नाही जमत," तो म्हणाला.

"लाव," ती म्हणाली. "मी तार धरते."