तिच्या बाजूचं दार

गाडी विकायला काढली तेव्हा पायलटने जाहिरातीत खरं तेच लिहिलं. चार दारं, टर्बो इंजिन, एकाच हातातली, अपघात झालेला, दुरुस्ती कंपनीच्या वर्कशॉपमधून.

"लपवायचं कशाला?" तो म्हणाला. "आजकाल लोक मीटर घेऊन येतात. रंगाची जाडी मोजतात. दार बदललंय हे पाच मिनिटांत कळतं."

मास्तरीण खिडकीशी बसून शर्टाची काजं करत होती. तिने मान वर केली नाही, पण सुई थांबली. दार बदललंय हे कुणालाही कळण्यासारखं होतं. ते बदलावं का लागलं, हे मात्र तिला अजून नीट कळलेलं नव्हतं, आणि त्या दाराला डोकं टेकून झोपली होती ती तीच.

पायलट काही पायलट नव्हता. फरशांच्या मोठ्या दुकानात तो विक्रेता होता. ही गाडी आल्यावर इमारतीतल्या लोकांनी त्याला ते नाव दिलं आणि त्याने ते आवडीने घेतलं. मास्तरीणही शाळेतली नव्हे. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंग मास्तर होती. कापडाचे थरावर थर रचून त्यातून यंत्राची पाती सरळ काढायची, हे तिचं काम. दिवसभर उभ्याने. आता मांडीच्या हाडात धातूची पट्टी होती आणि उभं राहणं संपलं होतं. कारखान्याने माणुसकी म्हणून शर्ट घरी पाठवायला सुरुवात केली होती, काजं आणि बटणं करायला. गवयाला टाळ्या वाजवायला बसवावं, तसला प्रकार.

गाडी लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेली, म्हणून तिच्या नावावर. नाव तिचं, चावी त्याची. तिने स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता.

त्या दिवशी ते तिच्या मावसबहिणीकडून परत येत होते. आठवडाभर मोठी ऑर्डर होती, पाय दुखत होते, डोळे मिटत होते. "हळू घे रे," एवढं ती बोलली होती. "झोप तू. मी आहे ना," तो म्हणाला होता. त्यानंतरचं तिला आठवत होतं ते थेट हॉस्पिटलचं छत. शेजारी तो, कपाळावर दोन टाके.

"कुत्रं आडवं आलं," त्याने सांगितलं.

"वाचलं का?"

"वाचलं."

औषधांच्या गुंगीत तिने त्या कुत्र्याचा पुष्कळ विचार केला. निदान कुणीतरी धडधाकट पळून गेलं, याचं बरं वाटायचं. मग एक दिवस मावसबहीण भेटायला आली. तिला सांगताना कुत्रं काळं झालं. मास्तरणीला सांगताना ते तांबडं होतं. तिने तेव्हाच विचारायला हवं होतं, पण नळ्या लावलेल्या माणसाने वाद घालायचा तरी किती? पुढे विचारलं, तर तो म्हणायचा, "सांगितलंय ना एकदा? पुन्हापुन्हा तेच उगाळून काय मिळतं तुला?" आणि उठून खाली गाडी पुसायला जायचा.

गाडी तिच्या खिडकीखालीच उभी असायची. गडद निळी. तिच्या बाजूचं दार तिरप्या उन्हात बाकीच्या अंगापेक्षा किंचित उजळ दिसायचं. ती गाडी कधी एकदा नजरेआड होते असं मास्तरणीला झालं होतं. पण जाहिरात गेल्यापासून तिच्या मनात दुसरंच काही घोळायला लागलं. येणारा प्रत्येक माणूस विचारणार, अपघात कसा झाला? आणि त्याला सांगावं लागणार. बायकोला टाळता येतं. गिऱ्हाइकाला कसं टाळणार?

पहिले आले ते निवृत्त कारकून, जावयाला बरोबर घेऊन. पायलटने त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. मास्तरीण आतल्या खोलीत, दार अर्धं उघडं.

"कुत्रं आडवं आलं हो काका," पायलटचा आवाज दुकानातला होता, गुळगुळीत. "मुक्या जनावराला कसं उडवणार? बाजूला घेतली, कठड्याला जरा घासली."

"घासली म्हणता, आणि दार अख्खं बदललंय?" जावई म्हणाला.

"वर्कशॉपवाल्यांचं माहीत नाही का तुम्हाला? टाचणी टोचली तर हात बदलतात."

काका हसले, चहा प्यायले, कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

दुसरा जुन्या गाड्यांचा दलाल होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि वर न येता खालूनच ओरडून विचारलं. पायलट खाली गेला. मास्तरणीने खिडकी थोडी लोटली.

"ट्रकने दाबलं," पायलट सांगत होता. "चुकीच्या बाजूने आला, ठोकलं आणि पळाला. नंबरसुद्धा घेता आला नाही."

"ट्रकच ना?" दलाल म्हणाला. "माझ्याकडे येणारी प्रत्येक गाडी ट्रकनेच ठोकलेली असते साहेब. ट्रकवाल्यांना दुसरा उद्योगच नाही."

त्याने सांगितलेली किंमत ऐकून पायलट तडक वर आला आणि बराच वेळ बूट काढायचं विसरला.

"अरे, ती गाडी आहे की लाडावलेलं पोर?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "जो येतो तो तोंड वाकडं करून जातो. देऊन टाक मिळेल त्या भावात."

"आई, तुला यातलं काही कळत नाही."

"मला एवढंच कळतं, की सुनेपेक्षा गाडी आधी बरी होऊन घरी आली."

ते खरंच होतं. मास्तरीण हॉस्पिटलात असतानाच वर्कशॉपचा फोन आला होता, गाडी तयार आहे, घेऊन जा. तो आनंद त्याने तिच्या उशाशी बसून तिला सांगितला होता.

तिसऱ्या खेपेला दातांचे डॉक्टर सहकुटुंब आले. डॉक्टरीणबाई गाडीत बसून आरशात बघत होत्या, मुलं मागच्या सीटवर उड्या मारत होती. बोलणी जिन्याच्या तोंडाशी चालली होती आणि मास्तरीण वर कठड्याला धरून उभी होती.

"काय आहे डॉक्टर," पायलट आवाज खाली आणून म्हणाला, "घरचं माणूस आहे, बोलू नये. पण मिसेस चालवत होत्या. नवीनच शिकलेल्या. वळण घेताना घाबरल्या."

"असं होय!" डॉक्टरांच्या आवाजात एकदम मोकळेपणा आला. "म्हणजे गाडी दामटलेली नाही."

"छे! बाईच्या हातची गाडी. चाळिशीच्या वर काटा गेला असेल तर शपथ."

मास्तरणीच्या हाताखाली कठड्याचं लोखंड थंड लागलं. ती एकेक पायरी मोजल्यासारखी मागे सरकली आणि खुर्चीत येऊन बसली. तो वर आला तेव्हा शीळ घालत होता.

"गाडी मी चालवत होते?"

"ऐकलंस वाटतं." तो हसला. "अगं, धंद्याचं बोलणं ते. फरशी विकताना मी नाही का सांगत, माझ्या घरीसुद्धा हीच बसवलीय म्हणून? आपल्या घरी आहे का?"

"खरं काय झालं होतं?"

"कुत्रं, अगं."

"कुत्रं पहिल्या गिऱ्हाइकाला होतं."

त्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं किमतीवर अडून बसलेल्या माणसाकडे बघायची त्याला सवय होती. मग टॉवेल घेऊन आत गेला. डॉक्टरही पुन्हा आले नाहीत. डॉक्टरीणबाईंना म्हणे रंग आवडला नाही.

चौथा जिमवाला. खांदे एवढे, की जिन्यात जरा तिरका होऊन चढला. त्याचं म्हणणं सरळ होतं: गाडी ज्यांच्या नावावर आहे त्या समोर हव्यात, आणि चालवून बघितल्याशिवाय बोलणी नाहीत.

"वहिनी, तुम्हीपण चला. पुढे बसा आरामात."

"मी मागे बसते," मास्तरीण म्हणाली.

"तू कशाला? पाय दुखेल," पायलट म्हणाला.

"नाव माझं आहे ना गाडीवर?"

अपघातानंतर ती पहिल्यांदाच त्या गाडीत बसत होती. पाय हाताने उचलून आत घ्यावा लागला. जिमवाला स्टिअरिंगवर, पायलट त्याच्या शेजारी, आणि ती बरोबर नवऱ्याच्या मागे. त्याने दार ओढलं. त्या दाराचा आवाज बाकीच्या तिन्हींपेक्षा वेगळा होता, पोकळ.

गोदामांच्या वस्तीपलीकडे लांब, रिकामा रस्ता होता. जिमवाल्याने गाडी तिथे काढली.

"कशी लागली होती, दादा?"

"मिसेसच्या हातून. नवीन शिकत होत्या," पायलट मागे न बघता म्हणाला. मागे ती बसली आहे, एवढं भान त्याला होतं, कारण त्याची मान ताठ झाली होती.

"वहिनी चालवायच्या?" जिमवाल्याचा चेहराच उतरला. "मग कठीण आहे, दादा. भाजी आणायला वापरलेली गाडी घेऊन मी काय करू? अशा इंजिनाला पळवलं नाही तर ते आळशी होतं. आणि एकदा लागलेली गाडी वेगात सरळ जाते का, हे सांगणार कोण?" त्याने गाडी वळवायला इंडिकेटर लावला.

पायलटने इंडिकेटरच्या लुकलुकत्या बाणाकडे बघितलं. चार गिऱ्हाइकांतलं हे शेवटचं, आणि किंमत ऐकून न बिचकलेलं पहिलं.

"वळवू नकोस," तो म्हणाला. "मी सांगतो ना. मीच चालवत होतो."

जिमवाल्याने इंडिकेटर बंद केला.

"रस्ता असाच होता. रिकामा. मागून एक पांढरी आली, तिने दिवे मारले. एकदा, दोनदा. म्हटलं, ये. पाय दिला आणि टर्बो लागला ना, तुला काय सांगू, सीट पाठीत घुसते. एकशे सत्तर, एकशे ऐंशी. आवाज कसा, तर मांजर घुरघुरतं तसा. पुढे वळण होतं. मी ब्रेक मारलाच नाही, कारण ती पांढरी अगदी टेकली होती मागे. ही या बाजूने कठड्याला लागली आणि कठड्याला घासत घासत गेली, पण सोडली नाही रे तिने ओळ! दुसरी कुठली गाडी असती तर चार कोलांट्या मारल्या असत्या. ही सरळ. सगळा मार एका बाजूने घेतला आणि सरळ उभी राहिली."

अपघातानंतरच्या सगळ्या महिन्यांत त्याचा एवढा खुललेला आवाज तिने ऐकला नव्हता. हात हवेत वळणं काढत होते.

"आणि वहिनी?" जिमवाल्याने विचारलं.

"ती झोपली होती. तिला कळलंसुद्धा नाही."

जिमवाल्याची नजर वर आरशात गेली. आरशात मास्तरीण होती. त्याने पेडलवरचा पाय काढला. गाडी आपोआप मंदावत गेली आणि इंजिनाचा आवाज खाली आला.

"ती पांढरी थांबली का?" मास्तरणीने विचारलं.

पायलटचे हात खाली आले. "नाही."

"कठड्याला लागलास तेव्हा पुढे कोण होतं?"

"मी," तो म्हणाला. विचार करायच्या आतच म्हणाला. मग त्याच्या मानेवर घाम दिसला.

ती खिडकीकडे वळली. बाहेर गोदामांचे पत्रे एकामागून एक मागे जात होते. तिला वाटलं होतं, खरं कळलं की काहीतरी सुटेल, निदान रडू तरी येईल. पण मांडीतली पट्टी तेवढी गार वाटत होती, रोजच्यासारखीच. खरं तिच्यापर्यंत आलं होतं, पण तिच्यासाठी सांगितलं गेलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या हातातला चहा चुकून तिच्या पुढ्यात यावा, तसं ते आलं होतं.

जिमवाल्याने गाडी घेतली. "गाडीचा काय दोष?" एवढंच तो म्हणाला, आणि दाढी खाजवत राहिला. सह्या करायला तिघं नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईने मास्तरणीसमोर कागद सरकवला. पायलट तिच्या पेनाकडे बघत होता. ती सही करणार नाही, अशी भीती त्याला वाटत असावी. तिने सही केली, सावकाश, वळणदार, कापडावर खडूने खूण करावी तशी.

जिमवाला गाडी घेऊन फाटकाबाहेर पडला तेव्हा ती दिसेनाशी होईपर्यंत पायलट उभा होता. त्याने चष्मा काढून डोळे पुसले. हॉस्पिटलात त्याने ते पुसले होते का, हे तिला आठवेना. बहुधा नाही.

परतताना टॅक्सी केली. दोघं मागे बसली. शहर ओलांडायचं होतं, रस्ता लांबचा होता. अर्ध्या वाटेवर त्याने पाय पसरले.

"सुटलो एकदाचे," तो म्हणाला. "आता कुणी विचारणार नाही, काय झालं, कसं झालं."

"मी विचारत होते," ती म्हणाली. "आता नाही विचारणार."

त्याला त्यातलं अर्धंच ऐकू आलं असावं, कारण त्याने मान डोलावली, समाधानाने. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दमलीस. डोळे मिट जरा. मी आहे ना."

तिने हात काढला नाही आणि डोळेही मिटले नाहीत. ती पुढे वाकली, दोन सीटच्या मधून ड्रायव्हरच्या समोरच्या तबकडीकडे बघायला. काटा शून्यावर होता. टॅक्सी तर चांगली पळत होती.

"काटा चालत नाही का हो?"

"बंदच आहे ताई, कधीचा," ड्रायव्हर म्हणाला. "अंदाजाने चालवतो."

शेजारी पायलटला डुलकी लागली होती. मास्तरीण दोन्ही हातांनी पुढची सीट धरून तशीच वाकून बसली, आणि घर येईपर्यंत रस्ता बघत राहिली.