बिननोटिशीची मोजणी

तीस वर्षं क्रांती चौकात एका वकिलाच्या हाताखाली कारकुनी केली. कायदा आपल्याला वकिलापेक्षा जास्त कळतो, अशी मस्ती चढली होती मला. सरळच सांगतो, त्या मस्तीनं सगीराआपाचं वाटोळं केलं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. बिडकीनच्या रस्त्याला आपाचं दीड एकर रान, त्यात एक बोअर. आजूबाजूचे सगळे आटले, हा तेवढा चालू. त्याच्यावर तिच्या चार म्हशी अन् ती, असा संसार चालला होता. शेजारचं रान एका प्लॉटवाल्यानं घेतलं अन् दावा ठोकला, बोअर माझ्या हद्दीत आहे म्हणून. आपाचं वकीलपत्र आमच्याच वकीलसाहेबांकडं होतं. कोर्टानं मोजणीसाठी कमिशनर नेमला.

एका सकाळी आपाचा फोन आला. "साहेबरावभाऊ, मोजणीवाले आलेत. मला नोटीस नाय, काय नाय."

मोटारसायकल हाणत गेलो. आपानं मला बाजूला घेतलं. "भाऊ, चुकीच्या दगडापासून धरायलेत हे. धुऱ्याचा खरा दगड तिकडं बाभळीखाली हाय. सांगू का?"

"गप बसा आपा," म्हणलं. "नोटीसच नाही म्हणजे अख्खी मोजणी रद्द. चुकू द्या अजून. निकाल वाकडा जायला लागला की मग काढू हे."

कागदावर सही मागितली, तीही करायला लावली. बिननोटिशीच्या कागदाला काय किंमत, म्हणून वर हसलो.

अहवालात बोअर चार हात प्लॉटवाल्याकडं गेला. तरी सात महिने आम्ही तारखा घेत राहिलो. अगदी शेवटी ऐटीत अर्ज दिला, मोजणी रद्द करा.

जजसाहेबांनी तो दोनदा वाचला. "नोटीस कशाला असते? माणसाला हजर राहता यावं म्हणून. या हजर होत्या, सही आहे. हरकत तेव्हाच घ्यायची. मनासारखं झालं नाही म्हणून आता घेता येणार नाही."

वकीलसाहेब चुकीच्या दगडाचं बोलले. तेव्हा जजसाहेबांनी थेट आपालाच विचारलं, "दगड चुकीचा होता, तर तिथंच का नाही सांगितलं? कोणी अडवलं होतं का?"

आपानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. तिनं खरं सांगितलं असतं तर, कोण जाणे, फेरमोजणी मिळालीही असती.

"नाय साहेब," ती म्हणली. "तवा मला कळलंच नाय."

उठून उभं राहायचं होतं मला. राहिलो नाही. थू माझ्या जिंदगीवर! खाली मान घालून बसलो अन् अर्ज फेटाळल्याचं ऐकलं.

बाहेर आल्यावर मी तिच्या मागं पायऱ्या उतरलो. तीच म्हणली, "तुमची नोकरी गेली असती भाऊ. पोरीचं लग्न काढलंय तुम्ही." मग पदर सारखा करत म्हणली, "म्हशींना कुणी गिऱ्हाईक असलं तर बघा. चारी एकदमच द्यायच्यात."