बांधावर रोवलेलं फावडं

एग्बर्त रामाकर गेल्या वर्षापर्यंत हेगमधल्या टोप्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांची डोकी मोजत. जर्मनांनी हॉलंड घेतलं, रामाकर त्यांच्या बाजूच्या पक्षात शिरले आणि आता सरकारी नोकरांच्या डोक्यांच्या आतलं मोजत.

त्या दिवशी झीलंड प्रांतातल्या एका बेटावर, समुद्र अडवणाऱ्या बांधाचे अधिकारी लेंदर्त डिंगेमान्से यांची निष्ठा तपासायची होती. संध्याकाळच्या आत कागदावर सही, नाहीतर नोकरी गेली. त्या जागेसाठी पक्षातला एक न्हावी तयारच होता. समुद्र त्याने फक्त पोस्टकार्डावर पाहिलेला होता.

"सही करा," रामाकर म्हणाले.

म्हातारा पेपरमिंट चघळत खिडकीबाहेर बघत होता. "वारा फिरला."

"मी निष्ठेचं विचारतोय!"

"वायव्येचा झालाय. त्यात अमावस्येची भरती. पाणी बांधावर येणार." डिंगेमान्सेंनी टोपी घातली. "चला."

"अहो, चौकशी चाललीय!" रामाकर कागद बॅगेत कोंबत म्हणाले.

"चालता चालता करा."

गावात धोक्याची घंटा झाली आणि दारादारातून माणसं निघाली, प्रत्येकाच्या खांद्यावर फावडं. तीस वर्षं एकमेकांना नमस्कार न केलेली दोन चर्चची मंडळी खांद्याला खांदा लावून उभी राहिली, आपापल्या आजोबांच्या जागेवर. कुणी ओरडलं नाही. म्हाताऱ्याने एक बोट उचललं आणि तीनशे फावडी वळली. रामाकरांनी हेगमधली पक्षाची संचलनं पाहिली होती. तिथे एवढ्यासाठी बँड लागायचा.

"तुम्ही का रिकामे?" पिटरनेला नावाच्या गवळणीने त्यांच्या हातात फावडं कोंबलं. "घंटा झाली की बांधाच्या आतला प्रत्येक जण लेंदर्तकाकांचा."

तासाभराने रामाकरांनी फावडं बांधात रोवलं आणि घाम पुसायला हात सोडला. आसपासची माणसं थबकली.

"अगं बाई! साहेबांनी इस्टेट सोडली!" पिटरनेला म्हणाली. "इथे बांधात फावडं रोवून सोडलं की काम झेपत नाही म्हणून माणसाने सगळं टाकलं. जो उपटेल, त्याचं."

डिंगेमान्से आले. त्यांनी फावडं उपटलं. "इथे काय आहे तुमचं?"

"ही... ही बॅग."

"म्हणजे माझी."

म्हाताऱ्याने बॅग उघडली, आपल्या नावाचा कागद काढून शांतपणे वाचला. फाडेल, चुलीत घालेल, सगळ्यांना दाखवून हसेल! रामाकर कागद घ्यायला पुढे झाले. डिंगेमान्सेंनी कागदावरचा चिखल बाहीने पुसला, घडी करून बॅगेत ठेवला आणि बॅग, फावडं दोन्ही परत दिली.

"धरा. पाणी अजून चढायचंय."

रामाकरांनी धरलं.

दुपार कलताना पाणी बांधाच्या माथ्याखाली दोन बोटांवर थांबलं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला, त्याच्या कितीतरी खाली, गावातली धुराडी. मधे ओळीने उभी माणसं, पेपरमिंटची पुडी एकमेकांकडे सरकवत. रामाकरांनी टोपी काढली. कुणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग बांधावरच बसून त्यांनी कागद उलगडला. सहीच्या जागी लिहिलं: 'अधिकाऱ्यांचे हात चिखलाने भरलेले, सही शक्य नाही.' निष्ठेच्या रकान्यात लिहिलं: 'स्वतः पाहिली. शंकेला जागा नाही.'

निष्ठा कोणावरची, हे त्या रकान्यात विचारलेलं नव्हतं.