सूनबाईच्या मुठीचं माप

शिंप्याची दाढी कापायची हे त्याच्या बायकोनं शुक्रवारी ठरवलं. शिंप्याला ते शनिवारी कळलं.

कारण होती टिंगू. वय आठ महिने, खालचे दोन दात आलेले, आणि झोपताना हातात बापाची दाढीच हवी. बाहुली नको, चादरीचं टोक नको. बापानं मांडीवर घेतलं की ती दोन्ही हातांनी दाढी गच्च धरायची, टोक तोंडात घालायची आणि दोन मिनिटांत गार व्हायची.

आता टिंगूची आई काम करायची रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये. जन्मभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्या माणसाला जे दिसत नाही तेच जास्त दिसतं. बाळंतपणाची सुट्टी तिनं एकदा वाढवून घेतली होती. पुन्हा मागितली तेव्हा साहेब म्हणाले, "सोमवारी या, नाहीतर त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल." नवऱ्याचं मशीन घरातच, पुढच्या खोलीत, आणि पोर झोपायची ती त्याच्याच मांडीवर, तेव्हा सकाळी नऊ ते दोन टिंगूला तोच सांभाळणार होता. म्हणजे रोज पाच तास पोर आणि दाढी एकत्र, आणि मध्ये आई नाही! दाढीतले जंतू तिला आत्ताच दिसू लागले.

शनिवारी तिनं नवऱ्याला खिडकीपाशी बसवलं आणि दाढी विंचरून पाहिली. निळ्या दोऱ्याचा तुकडा निघाला. खडूची भुकटी निघाली. मग फणी कशाला तरी अडली.

"हे काय आहे?"

"गाठ असेल."

गाठ नव्हती. चार भोकांचं पांढरं बटण होतं.

"अरेच्चा!" नवरा खूश झाला. "हे मी परवापासून शोधतोय."

"तुमच्या दाढीत!"

"अगं, नमाजाआधी रोज पाच वेळा वुजू करतो मी. दर वेळी ओली बोटं दाढीच्या मुळापर्यंत फिरवतो. तुमच्या लॅबमधल्या बाटल्या तरी दिवसातून पाच वेळा धुतात का?"

"बाटल्यांत बटणं सापडत नाहीत."

शिंप्यानं बटण खिशात टाकलं. दाढी खरोखरच हाताबाहेर गेली होती. या घरात दाढीचा नियम एकच होता, आणि तो सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, घालून दिला होता. हनुवटीखाली दाढी मुठीत धरायची. मुठीत मावेल ती ठेवायची, मुठीखाली लोंबेल ती कापायची. अब्बांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती, आणि त्यांची पांढरीशुभ्र दाढी मिनिटकाट्याइतकी काटेकोर असायची. लेकाचं मात्र सगळं उलटं. गिऱ्हाइकाचा गळा सुताएवढा चुकला तर ह्याला जेवण जात नसे, पण स्वतःच्या दाढीकडे तीन महिने बघायची फुरसत नाही.

"बरं बाई, न्हाव्याकडे जातो."

"त्याची कात्री आज किती दाढ्यांतून फिरून आलीय, ठाऊक आहे?"

"मग माझी कापडाची कात्री घेशील तर खबरदार! केसांनी धार जाते."

शेवटी तिनं स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि पातेल्यात दहा मिनिटं उकळली. नवऱ्याच्या गळ्यात टॉवेल बांधला. हनुवटीखाली दाढी मुठीत गच्च धरली, श्वास रोखला आणि मुठीखाली कचाकच कात्री चालवली.

नवऱ्यानं आरसा घेतला. पाहिलं. आरसा पुसला. परत पाहिलं.

"अंमळ जास्तच गेली नाही का?"

"मुठीबाहेरचीच कापलीय. केसभरही जास्त नाही."

त्यानं स्वतःची मूठ दाढीवर नेली. वरच्या दोन बोटांत दाढी आली. खालच्या दोन बोटांत नुसती हवा.

"तू मूठ कुणाची धरलीस?"

"कुणाची म्हणजे? माझी!"

दोघांनी आपापल्या मुठी शेजारी शेजारी धरून पाहिल्या. शिंप्याचा पंजा वर्षानुवर्षं जाड कापड कापून फावड्यासारखा झालेला. आणि लॅबमध्ये हिला सगळ्यात लहान मापाचे हातमोजेसुद्धा बोटांच्या टोकाशी ढिले व्हायचे.

"अगं," शिंपी कळवळला, "माप गिऱ्हाइकाचं घेतात! शिंप्याचं नाही!"

तेवढ्यात अब्बा नमाजाहून परतले. लेकाकडे बघून दारातच थबकले. मग खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि वाकून नीट पाहिलं.

"दोन बोटं मागे आहे," ते म्हणाले. घड्याळ दोन मिनिटं मागे असावं, त्या सुरात.

"अब्बा, माझी चूक झाली." तिनं मान खाली घातली. "मी माझ्याच मुठीनं मोजलं."

अब्बांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं की नाही, सांगता येईना. "मुद्दाम कुठं केलंस? वाढेल. दोन महिने लागतील."

आतून आलेल्या सासूबाईंना मात्र हसू आवरेना. "लग्नात अस्साच दिसत होता गं! तेव्हा वर्षभर वाढवून एवढीच आली होती."

सगळं तिथंच मिटलं असतं. पण टिंगू जागी झाली. बापानं तिला उचललं. तिनं सवयीनं दोन्ही हात वर केले, मुठी मिटल्या, आणि मुठींत काही आलंच नाही. तिनं वर पाहिलं. ओठ थरथरला. मग तिनं असा काही सूर लावला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. समजूत काढणारा आवाज बापाचाच होता, हे खरं. पण ज्याच्याकडे धरायला काही नाही, तो बाप कसला?

रविवारी सगळं घर कामाला लागलं. बापानं गाणं म्हटलं, टिंगू रडली. बापानं गाणं थांबवलं, टिंगू रडली. मग शिंप्यानं कोटाच्या कॉलरची काळी केसाळ लव कापून तिची खोटी दाढी केली आणि इलॅस्टिक लावलं. बायकोनं ती गरम पाण्यात तीनदा धुतली, वाळवली आणि नवऱ्याच्या कानांना अडकवली. टिंगू गप्प झाली. लव पकडली, हातभर लांब ओढली आणि सोडून दिली. फटकन आवाज आला. नवरा नाक धरून खाली बसला. टिंगू खदाखदा हसली, मग सरकलेल्या लवेखाली डोकावली. तिथं कालचाच परका माणूस बसला होता. पुन्हा भोंगा सुरू.

"मी साहेबांना फोन करते," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "नाही येत म्हणून सांगते."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "घरात आणखी एक दाढी आहे की."

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. अब्बांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

"मला नका सांगू," वर्तमानपत्र म्हणालं. "मी जन्मभर बंद पडलेली घड्याळं हातात घेतली. ही चालू आहे."

"तुम्हाला कुठं काय धरायचंय? धरणार तीच आहे!" सासूबाई म्हणाल्या.

पण टिंगूच्या आईचा जीव आता तिसऱ्याच गोष्टीत अडकला. अब्बा दाढीला रोज अत्तर लावत. अत्तर पोरीच्या पोटात गेलं तर? सासऱ्यांना दाढी धुवा म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? ती सासूबाईंच्या कानात कुजबुजली. सासूबाई सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सूनबाई म्हणते, आधी दाढी धुवा!"

अब्बा वर्तमानपत्राची घडी घालून न्हाणीघरात गेले. दाराबाहेर सून, दारात सासूबाई.

"साबण बाळाचा घ्यायला सांगा."

"बाळाचा घ्या हो!"

"घेतला!"

"मुळापर्यंत गेला का विचारा."

"मुळापर्यंत गेला का?"

"चाळीस वर्षं दाढी आहे मला! मुळं कुठं आहेत ते ठाऊक आहे!"

"अजून अत्तराचा वास येतोय," सून हळूच म्हणाली.

"पुन्हा लावा!"

तिसऱ्या साबणाला अब्बांचा धीर सुटला. "अरे, शुक्रवारच्या जुम्म्यालासुद्धा मी एवढा घासून निघत नाही!"

"सफाई म्हणजे अर्धा ईमान, हे आम्हाला उठताबसता कोण ऐकवतं?" सासूबाई म्हणाल्या. "आज तो अर्धा भाग पुरा करा."

अब्बा बाहेर आले तेव्हा दाढी पिंजलेल्या कापसासारखी फुलली होती. ते आरामखुर्चीत ताठ बसले. सासूबाईंनी रडून लाल झालेली टिंगू त्यांच्या छातीवर ठेवली. टिंगूनं एक हुंदका दिला. हात वर केले. दोन्ही मुठी भरल्या. हुंदका अर्ध्यातच राहिला. टोक तोंडात गेलं, आणि दोन मिनिटांत पोर गार.

अब्बांनी हात हवेतच धरले होते. मग हळूहळू, एक एक बोट करत, ते तिच्या पाठीवर टेकवले.

"टिकटिक जाणवते," ते पुटपुटले.

सोमवारी सकाळी साडेआठला अब्बा आपणहून दाढी धुऊन खुर्चीत बसले. नऊला टिंगू झोपली. पुढच्या खोलीत शिंप्यानं मशीन इतक्या हळू चालवलं की एकेक टाका मोजता यावा. टिंगूच्या आईनं पिशवी खांद्याला लावली. दूध कुठं, लंगोट कुठं, डॉक्टरांचा नंबर कुठं, हे सासूबाईंना चौथ्यांदा सांगितलं. जिना उतरली. खालच्या दारापर्यंत गेली आणि चपला हातात घेऊन, आवाज न करता, परत वर आली. दाराच्या फटीतून आत पाहिलं.

अब्बांची मान टिंगूच्या मुठींनी खाली ओढली होती. डोळे मिटलेले होते.

"श्वास चालू आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. "दोघांचाही. जा आता."