धबधबा मावशी

सोसायटीच्या वाचक मंडळात मी कधी जात नसे. त्या रविवारी गेलो, कारण चर्चा विद्याधरच्या पुस्तकावर होती. आमच्या मुलुंडच्या याच इमारतीतले काहीजण मिळून हिमाचलला गेलो होतो, त्या सहलीवर त्याने विनोदी पुस्तक लिहिलंय. त्यातल्या ‘धबधबा मावशी’ या प्रकरणातली बाई म्हणजे माझी बायको, सगुणा. ती सारखी लघवीसाठी बस थांबवायला लावायची. तिची किडनी तेव्हाच बिघडायला लागली होती, हे आम्हाला परत आल्यावर कळलं. गणपतीच्या आधी ती गेली.

आता पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार होती. तेवढं प्रकरण काढ, एवढंच मला विद्याधरला सांगायचं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं.

मंडळातला तरुण केतन लगेच म्हणाला, “काका, तेच तर बेस्ट आहे यार! बाकी पुस्तक ठीकठाक.”

“ठीकठाक काय रे?” विद्याधर त्याच्यावर डाफरला आणि माझ्याकडे वळला. “रामनाथ, मी तिचं नाव कुठे टाकलंय?”

“लिफ्टमध्ये पोरं मला धबधबा काका म्हणतात.”

मंडळाची सेक्रेटरी विनिता फिस्सकन हसली. मग तोंडावर हात धरून म्हणाली, “सॉरी हां काका. पण काकूंना अमर केलंय ना यांनी. नाहीतर कोण लक्षात ठेवणार होतं?”

“मत घेऊ या,” विद्याधर म्हणाला. आमच्याकडे पाण्याच्या टाकीपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळं हात वर करून ठरतं. “पण आधी वाचून दाखवतो. अर्धे लोक पुस्तक न वाचताच येतात इथे.”

तो पूर्वी नाटकात कामं करायचा. उठला, गुडघे जुळवले, ओटीपोट धरलं आणि सगुणाच्या मालवणीत ओरडला, “अरे माझ्या बापड्या, गाडी थांबय मरे! नायतर हयसरच तळा होतला!”

सगळे हसले. केतन खुर्चीवरून पडायचाच बाकी होता.

मी तसाच बसून राहिलो. आवाज तिचा होता. ‘मरे’ ती तसंच लांबवायची. माझ्या फोनमध्ये तिचे फोटो आहेत, आवाज नाही. शेवटी तर घशात नळी होती, ती बोललीच नाही.

“प्रकरण ठेवायचं, असं कोण कोण म्हणतंय?” विनिताने विचारलं. भराभर हात वर गेले. ती मोजता मोजता थांबली. “काका, तुमचाही?”

“हो.”

“काकांनी पलटी मारली! झकास!” केतनने टाळी वाजवली.

“विद्याधर,” मी म्हटलं, “ते पुन्हा एकदा म्हण ना.”

“कुठलं रे?”

“गाडी थांबय.”

त्याला ती दाद वाटली. त्याने पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि पुन्हा गुडघे जुळवले. ते बघूनच सगळे हसत सुटले. “अरे, जरा गप्प बसा,” मी म्हणालो. तो ओरडला. पण ते इतके हसत होते की मला काहीच ऐकू आलं नाही.