आयडाची पाटी

या सिनेमातून दिग्दर्शक लेलँड प्राइसला कीर्ती मिळायची होती, स्टुडिओला गल्ला, नायिकेला पुढचा करार. आयडा कोलबर्नला मिळायची होती एक पाटी: सुरुवातीच्या नामावळीत स्वतःचं नाव. हॉलिवुडात दुसऱ्यांचे सिनेमे कापण्याजोडण्यात तिचे केस पिकायला लागले होते; पाटी अजून एकही नव्हती.

"पाटी घेऊन काय चाटायचीय?" शेजारच्या टेबलावरून मी चिडवायची.

"आईला थेटरात नेऊन दाखवीन गं, नेट्टी. तिला वाटतं, मी इथे शिवणकाम करते."

सिनेमा आमच्या खोलीत आला तो मेलेलाच. प्राइससाहेबांनी नायिकेला इतकं रडवलं होतं, की बघणाऱ्याला हसू यावं. "वाचव, आयडा. तुझी पाटी लावतो," ते म्हणाले. आयडाने रद्दीची टोपली उपसली. दृश्य संपल्यावरही कॅमेरा फिरत राहिला होता. त्या फितीत नायिका दमून नुसती बूट काढत होती. तो तुकडा तिने रडण्याच्या जागी लावला. पासाडेनाच्या चाचणी खेळातून बायका डोळे पुसत बाहेर पडल्या. आयडाची पाटी तयार होऊन आली.

पाठोपाठ साहेबही आले.

"सुरुवात लांबतेय, आयडा. लोक चुळबुळतात. एक पाटी काढ."

"कोणती, साहेब?"

"नायिकेची करारात आहे, कॅमेरावाल्याचीही. माझी तर लागतेच. तूच ठरव. पोरींना तूच शिकवतेस ना, सिनेमाला लागत नाही ते कितीही लाडकं असो, काप?"

ते गेले. मी उसळले, "अगं, बोलली का नाहीस?"

"सुरुवात लांबतेय हे खरंच आहे, नेट्टी."

फितीची चित्राची बाजू ओल्या ओठाला चिकटते. जोड देताना आम्ही ती तशीच ओळखतो. कापून टाकायच्या फितीला ओठ लावायची काही गरज नसते. तिने लावला. मग कापलं, खरवडलं, गोंद लावून दाबून धरलं. जोड मलाही सापडला नाही.

टाकाऊ फीत आमच्याकडे वाया जात नाही; तिच्यातली चांदी काढून घेतात. तेव्हा हिशेब असा: कीर्ती साहेबांची, करार नायिकेचा, गल्ला स्टुडिओचा, आणि आयडाच्या नावातली चांदीही स्टुडिओचीच. खर्ची पडली ती एकटी.

तिची आई मरेपर्यंत शेजारणींना सांगायची, "आमची आयडा स्टुडिओत शिवते. टाका म्हणून दिसत नाही कुठे."